बॅटरीचं पाणी आणि माझी जीभ

माझ्या तोंडात एक वाक्य कायम तयार असायचं. "डोळे फुटले काय तुमचे?" आमच्या ह्यांना समोरचा तांब्या दिसला नाही, की मी ते म्हणणार. उलटी चप्पल घातली, तरी तेच. लग्नाला बारा वर्षं झाली होती. पहिलं वर्ष सोडलं तर ते वाक्य त्यांच्या कानापर्यंत पोचतही नव्हतं.

आसगावात आमचं धानाचं शेत. रानडुकरं धान लोळवून टाकतात, म्हणून कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावलंय. मशीनला बॅटरी लागते. ती दिवसभर आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, चार्जिंगला बसते आणि संध्याकाळी सायकलवरून शेतावर जाते. घरात तिचा मान जावयापेक्षा मोठा.

घोटाळा होता तो शब्दाचा. बॅटरीत अधूनमधून घालायचं शुद्ध पाणी, त्याला आमच्याकडे म्हणतात बॅटरीचं पाणी. आणि कोरी बॅटरी पहिल्यांदा भरताना ओततात ते तेजाब, त्यालाही बॅटरीचं पाणीच. रंग दोन्हींना नाही. उरलेलं तेजाब ह्यांनी थंड्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून सपरीतल्या फळीवर ठेवलं, शुद्ध पाण्याच्या बाटलीला खेटून. माझ्या बाबांचं दिघोरीला बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं, त्या वासात मी वाढले. म्हटलं, "अवो, त्याच्यावर लिहून ठेवा, नाही त फेकून या."

"मले समजते," हे म्हणाले. संपलं.

त्या दुपारी चार्जिंग बंद करून ह्यांनी बॅटरीची बुचं उघडली. आतलं पाणी खाली गेलं होतं. ह्यांनी फळीवरून बाटली घेतली, झाकण काढलं. मी भाजी चिरता चिरता मान वर केली, तर हातात थंड्याची बाटली. तोंडातून निघालंच, "डोळे फुटले काय तुमचे?"

त्या दिवशी मात्र ते दचकले. बाटली हातात दाबली गेली आणि पिचकारी सरळ डाव्या डोळ्यात.

हात डोळ्याकडे निघाला होता. मी धावत जाऊन दोन्ही मनगटं धरली. "चोळू नका." ओढत न्हाणीत नेलं, आडवं केलं, डावा डोळा खाली, म्हणजे वाहून आलेलं चांगल्या डोळ्यात जायला नको. पापण्या बोटांनी फाकवल्या आणि नळ सोडला. सासूबाई तुपाची वाटी घेऊन आल्या.

"काय गेलं वो डोळ्यात?"

"पाणी. बॅटरीचं."

"पाणी गेलं त वरून पाणीच काहून टाकून राहिली? पाण्यानं पाणी निघते का?"

बोलणं बिनतोड होतं. "आई, ते तेजाब आहे. तूप ठेवा खाली. नळाची धार बारीक झाली, पाण्याच्या गुंडातून तांब्या भरभरून द्या."

बाबांचा नियम होता, डोळ्यात तेजाब गेलं तर भात शिजेपर्यंत पाणी थांबवायचं नाही. योगायोगानं सासूबाईंनी नुकताच भात टाकला होता. मी दर पाच तांब्यांमागे विचारत होते, "आई, भात झाला का?"

"माहा डोळा चालला," हे पाण्याखालून ओरडले, "अन् तुले भात सुचून राहिला?"

भात झाला. मी थांबले नाही. करपल्याचा वास आला, तेव्हा ऑटो बोलावला. भंडाऱ्याला पोचेपर्यंत वाटेतही डोळ्यावर स्वच्छ पाण्याची धार धरली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा धुतला, औषध घातलं, म्हणाल्या, "घरी एवढं धुतलं म्हणून आशा आहे. पण दिसेल का, ते तीन दिवसांनी सांगते."

घरी आलो तर सासूबाई सपरीत उभ्या. सांडलेल्या तेजाबावर मी भज्यांचा खायचा सोडा टाकला. फरशीवर ते फसफसून उकळायला लागलं. सासूबाई बघत राहिल्या. "हे त्याच्या डोळ्यात होतं?" म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

तीन दिवस ह्यांना त्या डोळ्यानं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. माझी तर वाचाच बसली. बारा वर्षं मी जे म्हणत आले, ते माझ्याच ओरडण्यानं खरं होणार की काय, ह्या भीतीनं मी अन्नाला शिवले नाही. ह्यांच्या हातून पाण्याचा पेला सांडला, तरी मी मुकाट्यानं पुसलं.

"बोल ना वो काही," हे म्हणाले. "घर कसं सुनं वाटून राहिलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी, भंडाऱ्याला निघण्याआधी, मी चहा घेऊन समोर बसले. अंगावर त्या दुपारचीच साडी होती, धुतलेली. ह्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि डाव्यानं माझ्याकडे पाहत राहिले. मला विचारायची हिंमत होईना.

"पदर पाहाय आपला," ते म्हणाले. "चाळणी झाली त्याची. डोळे फुटले काय तुह्ये?"

मी पदर पसरला. त्या दिवशी उडालेल्या थेंबांची भोकं होती, मोहरीएवढी. मी साडी धुतली, वाळवली, नेसले, मला एकही दिसलं नव्हतं. तोच पदर तोंडाला लावून मी रडले, आणि हे सावकाश एकेक भोक मोजत बसले.