गेट कुणी लावलं

अठरा वर्षं 'एर्लिस, अगं ए एर्लिस' करून गेटवर हाका मारणारा तिचा साहेब एमरिस त्या सकाळी टेबलापलीकडून म्हणाला, "बसा, मिसेस प्रॉसर." तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

वेल्समधल्या त्या दरीत नगरपालिकेचा जो कचरा डेपो आहे, त्याच्या गेटवर एर्लिस उभी असायची. लोक गाडी भरभरून अडगळ आणत. कुठलं भंगार कुठल्या कंटेनरमध्ये जाईल ते ती सांगायची, न ऐकणाऱ्याला गाडीसकट परत धाडायची. शाळा सोळाव्या वर्षी सुटली होती. कायदा ती शिकली लोकांनी फेकून दिलेल्या पुस्तकांतून, आणि युनियनची प्रतिनिधी झाली ती कुणाच्या शिफारशीने नव्हे. तिथे एक धडा पक्का झाला: साहेबापुढे चूक कबूल करायची नाही, आणि साहेब लिहीत असेल तर तोंडच उघडायचं नाही.

आता दोन डेपोंचा एक होणार होता. गेटवरची माणसं चार, जागा दोन. चौघांनी आपापल्याच नोकरीसाठी मुलाखत द्यायची.

आदल्या रविवारी तिचा नवरा इवोर वाचनालयातून मुलाखतीच्या सूचनांचा एक कागद घेऊन आला. खाणीतल्या पाटीच्या दगडाच्या धुळीने त्याची फुप्फुसं गेलेली, जिना चढला की पाच मिनिटं बोलवत नसे.

"मी मेहनती, मी प्रामाणिक, असलं बोलायचं नाही," दम खाऊन तो म्हणाला. "ते कुणीही म्हणतं. एक दिवस सांगायचा. काय झालं, तुझ्यावर काय येऊन पडलं, तू काय केलंस, शेवटी काय झालं."

"आणि चूक विचारली तर?"

"खरी सांगायची. आणि त्यानंतर काय बदललंस तेही."

"म्हणजे दोरी मीच वळून द्यायची. गळा त्यांच्या सोयीने आवळतील."

"मी खाणीवाल्यांपुढे गप्प होतो तोवर मला भरपाईचं काही मिळालं नाही, बाई. सगळं बोललो तेव्हा मिळालं."

"तुझ्याकडे वकील होता."

"तुझ्याकडे जीभ आहे. वकिलालाही भारी पडेल अशी."

ती हसली नाही.

तर आता समोर एमरिस, शेजारी मुख्य कचेरीतून आलेल्या टॅनरबाई. दोघांपुढे छापील कागद. एमरिसने प्रश्न वाचला, "दबावाखाली तुम्ही स्वतः निर्णय घेतला, असा एखादा प्रसंग सांगा."

"तुम्हाला माहीत आहे की."

"तुम्ही सांगा."

तो कागदावरून नजर हटवेना. नाटकी मेला, तिच्या मनात आलं. ईस्टरच्या शनिवारी पालापाचोळ्याच्या कंटेनरमध्ये कुणीतरी गॅसचा सिलिंडर दडवून टाकला होता, तेव्हा हा तिथेच होता. बाहेर गाड्यांची रांग पार चर्चपर्यंत. आणि 'गेट लावू नकोस, तक्रारी येतील' म्हणणारा हाच. ते दोघांनी नंतर कधी उकरून काढलं नव्हतं. आता सांगावं तर याचं नाक कापलं जाणार आणि हा आपली मान कापणार. न सांगावं तर कागद कोरा. दोन्हीकडून फासच.

"मी सुरक्षिततेला नेहमीच महत्त्व देते," ती म्हणाली.

टॅनरबाईंनी दोन शब्द लिहिले आणि पेन खाली ठेवलं.

"नेमका एक दिवस, मिसेस प्रॉसर," एमरिस म्हणाला. "आम्हाला काय ठाऊक आहे ते आम्ही लिहू शकत नाही. तुम्ही बोलाल तेवढंच लिहितो."

ही धमकी की इशारा, तिला कळेना. पण डोकं मात्र भडकलं.

"बरं. लिहा मग."

तिने सांगितलं. वास, सूं असा आवाज, रांग. "साहेबांनी गेट उघडं ठेवायला सांगितलं."

टॅनरबाईंनी मान वर केली. "साहेब म्हणजे कोण?"

"मी," एमरिस लिहिता लिहिता म्हणाला. "पुढे?"

"मी नाही म्हटलं. गेट लावलं, कुलूप घातलं. आतल्या माणसांना मागच्या वाटेने बाहेर काढलं, अग्निशामक दलाला फोन केला. त्यांना एक नाही, दोन सिलिंडर मिळाले. कुणाला ओरखडाही नाही." ती थांबली. मग जे कधीच बोलायचं नाही म्हणून शिकली होती, तेही बोलली. "वास आल्यावर दहा मिनिटं मी यांची परवानगी मागण्यात घालवली. ती माझी चूक. आता आधी गेट, मग फोन, मग साहेब."

दोन आठवड्यांनी पत्र आलं. नोकरी राहिली होती. इवोरने खुर्चीतूनच टाळी वाजवली. एर्लिसने मात्र गुणांचे कागद मागवले. तो तिचा हक्क होता, आणि फुकट मिळालेल्या चांगल्या बातमीवर तिचा विश्वास नव्हता. टॅनरबाईंनी पाचापैकी चार दिले होते. एमरिसने पाच. खाली त्याच्याच वळणदार अक्षरात: 'वरिष्ठाचा आदेश चुकीचा होता. हिने तो मानला नाही.'

तिने ते तीनदा वाचलं. खोच सापडेना. कागद घेऊन ती त्याच्या खोलीत गेली.

"हे का लिहिलंस?"

"तू बोललीस म्हणून."

"बोलले नसते तर?"

"एक गुण. माझ्याच हाताने दिला असता."

त्याने दिला असता, यात तिला शंका वाटली नाही. तिने कागद त्याच्यापुढे ठेवला.

"याची प्रत दे. खाली सही कर."

"आता कशाला?"

"पुन्हा कधी गेट उघडं ठेव म्हणालास तर तुझ्या तोंडासमोर धरायला."

एमरिसने कागद उचलला, पेन शोधलं, आणि झेरॉक्सच्या मशीनकडे गेला.