भिंतीपलीकडचं इंजिन

मंडळी, आज लेकीला माझ्या लहानपणचं अंतराळयानाचं जपानी कार्टून दाखवत होतो. पहिल्याच स्फोटाला ती म्हणाली, "पप्पा, तिथे हवाच नसते. मग आवाज कसा येईल?"

खरं सांगायचं तर तो आवाज मीही आज पहिल्यांदाच ऐकला.

नव्वदच्या दशकात भिवंडीत आमच्या भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम चालायचे. त्या खडखडाटात टीव्ही नुसता दिसायचा. लाईट गेली की लूम थांबायचे, पण मग टीव्हीही बंद. म्हणजे आम्ही बघायचो ते बिनआवाजाचं, अगदी शास्त्रशुद्ध अंतराळ.

लेकीने लगेच आवाज बंद केला. चूक सुधारली, पण मला काही ते यान उडतंय असं वाटेना. त्याचं इंजिन भिंतीपलीकडे होतं, आणि ते लूम कधीच भंगारात गेलेत.

तुमचं यान कोणत्या आवाजावर उडायचं?