जंत म्हणून सोडून दिलेल्या पेशी

शिरूर कासारात माझी रक्त तपासायची लॅब आहे. ऊसतोड संपून टोळ्या गावाकडं आल्या की त्यांच्या रक्तात इओसिनोफिल हमखास वाढलेले दिसतात. शेंदरी दाण्यांनी भरलेल्या पांढऱ्या पेशी त्या. सहा महिने अनवाणी फडात वावरलेली माणसं, पोटात जंत असणारच. लोकही डॉक्टरच्या आधी मलाच विचारतात, "काय निघालं?" मी मान वर न करता सांगायचो, "जंत हायेत, गोळी घ्या."

गेल्या उन्हाळ्यात थोरली बहीण, आमची अक्का, तोडीवरून आली ती तापानं फणफणलेली. तोंड सुजलेलं, अंगभर लाल पुरळ. फडात तिला फिट आलती, म्हणून महिन्यापूर्वी तिकडंच गोळ्या सुरू झाल्या होत्या. मी तिचं रक्त काचेवर घेतलं. शंभर पेशी मोजल्या, त्यात अडतीस शेंदरी. एवढ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. तिथंच थांबायला पाहिजे होतं, पण जिभेला वळण पडलेलं. म्हटलं, जंत लई झालेत, आणि पुरळ म्हणजे उन्हाच्या घामोळ्या. जंताची गोळी दिली. वर शहाणपणा करून बजावलं, "फिटची गोळी एक दिवस चुकवायची न्हाई."

तीन दिवस मीच पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. चौथ्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले. जीप करून बीडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "नवी गोळी कोणती चालू केली?" फिटची गोळी तिथल्या तिथं बंद केली. त्या गोळीनंच पेशी भडकल्या होत्या आणि तिच्याच कातडीवर, लिव्हरवर तुटून पडल्या होत्या. आणि मी, रोज काचेतून त्यांनाच बघणारा मूर्ख, आग्रह करकरून ती गोळी तिला चारत होतो. आठ दिवस वॉर्डाबाहेर येरझाऱ्या घातल्या. बसवेना, भाचीचा फोन आला तर उचलवेना.

नवव्या दिवशी अक्का उठून बसली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "माझ्या भावानं रगत तपासलं म्हणून वाचले बाई." मला ते ऐकवेना. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या देईल, दिल्या तर बरं. ती माझ्याकडं वळली.

"मी घरातली, म्हणून तू हितवर आणलंस," ती म्हणाली. "आरं, तू जंत म्हणून धाडलेल्या बाकीच्यांचं काय झालं आसंल?"