कुलूपबाईंचा अर्ज

आमच्या हॉस्पिटलात कुणी कॉम्प्युटरवर काय बघायचं आणि काय नाही, हे ज्या बाई ठरवतात त्यांना सगळे पाठीमागे कुलूपबाई म्हणतात. नाव मीच ठेवलं, तेही रागाने. मी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करतो. एकदा मेव्हण्याचा एक्स-रे बघायला गेलो, तर पडद्यावर ‘परवानगी नाही’. तणतणत वरच्या मजल्यावर गेलो. बाई शांतपणे म्हणाल्या, “लॅबच्या कामाला एक्स-रे लागत नाही, भाऊ. मेव्हण्यालाच विचारा की.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण त्यांचं काम बघावं तर थक्क व्हायला होतं. रिसेप्शनला नाव आणि वेळ दिसणार, औषधवाल्याला औषधं, त्यापलीकडे काडीचंही नाही. कुणी नोकरी सोडली की निरोपाचा चहा निवायच्या आत त्याचं खातं बंद. स्वतःचं रोजचं खातंही त्यांनी असंच बांधून ठेवलेलं. साधा प्रिंटर जोडायचा तरी सगळे अधिकार असलेलं मोठं खातं उघडावं लागे, आणि त्याला दोन पासवर्ड लागत. एक त्यांचा, दुसरा माझा.

“मीच का?” मी विचारलं होतं.

“माझ्याशी सगळ्यात जास्त तुम्हीच भांडता म्हणून.”

गेल्या महिन्यात त्यांच्या नवऱ्याच्या मानेतली गाठ काढली आणि तपासायला आमच्याकडे आली. नवरा शिवणकाम करणारा, अबोल माणूस. त्याने बायकोला एवढंच सांगितलं, “काय असेल ते आधी मला कळू दे. तुला मी सांगेन.” बाईंनी शब्द दिला. आणि त्याच दिवशी माझ्या टेबलावर त्यांचा अर्ज आला. स्वतःच्या खात्यातून नवऱ्याची फाइल बंद करावी. खाली पेनाने लिहिलं होतं : ‘मी स्वतः येऊन मागितली तरी उघडू नये.’

मी हसलो होतो आणि माझा पासवर्ड टाकून फाइल बंद करून दिली होती. बाईंचं नेहमीचंच, म्हटलं.

गुरुवारी सकाळी तो रिपोर्ट माझ्याच हातून टाइप झाला. साधी गाठ, कॅन्सर नाही. डॉक्टर नवऱ्याला चारला भेटणार होते. दोन वाजता बाई लॅबच्या दारात उभ्या. चेहरा पांढराफटक.

“भाऊ, तुमचा पासवर्ड टाका. मला बघायचंय.”

माझा स्वभाव असा की पोटात काही राहत नाही आणि चेहऱ्यावर तर मुळीच नाही. ओठ हसायला लागले तसा मी गर्रकन भिंतीकडे वळलो.

“तोंड का फिरवलंत?” त्यांचा आवाज चिरकला. “वाईट आहे का? सांगा ना हो!”

एक शब्द बोललो असतो तर त्यांचा जीव भांड्यात पडला असता. जीभ शिवशिवत होती. मी खणातून अर्ज काढला आणि पाठमोराच पुढे केला.

कागद माझ्या हातातून गेला. मग स्टूल सरकल्याचं ऐकू आलं.

“कुठल्या शहाणीने लिहिलंय हे,” त्या म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या. थोड्या वेळाने डोळे पुसून उठल्या. “उघडू नका,” एवढंच बोलल्या आणि कुणाचंतरी अडकलेलं खातं सोडवायला वर निघून गेल्या. मी हात जोडले, त्यांना दिसलं नाही तरी.

चारला मी काहीतरी निमित्त काढून बाहेरच्या बाकाशी घुटमळलो. बाई बाकावर होत्या. दार उघडून नवरा बाहेर आला.

“अगं, साधी गाठ आहे.”

“काय?”

“साधी! काही नाही झालेलं मला!” मग बायकोच्या शेजारी बसून, तिचा हात हातात घेऊन, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लागला. त्या अबोल माणसाला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. आणि बाई मान हलवत एकेक शब्द ऐकत होत्या.