फळीचं दुसरं टोक

सरळच सांगते, माझ्या धाकट्या जावेवर मी जळते. बायका हे आडून आडून सांगतात, मला ते जमत नाही. आणि ती वाईट आहे म्हणून नाही हो! वाईट असती तर फार सोपं झालं असतं.

आमचे सासरे सुतार. चाळीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात राबले, आणि निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत काम मांडून बसले. त्यांचे दोन्ही मुलगे, म्हणजे माझा नवरा आणि धाकटे भाऊजी, खिळा ठोकायला सांगितला तर आधी अंगठा ठोकतील. त्यामुळे फळी कापताना तिचं दुसरं टोक धरायला कोण? मी. "सूनबाई, धर गं जरा," अशी हाक आली की गॅस बंद करायचा आणि पळायचं. अशी बावीस वर्षं. करवतीचे शेवटचे दोन हात उरले की टोक अलगद उचलून धरायचं, नाहीतर तुकडा आपल्याच वजनाने तुटतो आणि कड फाटते. हे मला कुणी शिकवलं नाही, धरता धरता कळलं. पण करवत त्यांनी माझ्या हातात कधी दिली नाही, आणि मी कधी मागितली नाही. मागायचं काय त्यात? समोर उभी होते की!

धाकटी आली पाच वर्षांपूर्वी. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी, ताडमाड उंची, आणि जिभेला हाड नाही. दुसऱ्याच महिन्यात मागच्या खोलीत जाऊन म्हणाली, "बाबा, मला करवत शिकवा ना." एवढंच. आणि त्यांनी शिकवली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. कसले नऊ अन् कसलं काय! सासऱ्यांचे हात थरथरायला लागले, नजर अधू झाली, आणि करवत हळूहळू तिच्याकडे गेली. दुसरं टोक मात्र माझ्याकडेच राहिलं.

गेल्या महिन्यात मागच्या खोलीत वॉशिंग मशीन आलं आणि जागा उरेना. फळी ज्यांवर ठेवून कापतात त्या सासऱ्यांच्या दोन लाकडी घोड्या चांगल्या जड आणि ऐसपैस. धाकटी म्हणाली, "घडीच्या करू या. काम झालं की मिटायच्या आणि खिळ्याला टांगायच्या." दोन चौकटी, वर बिजागऱ्या, पाय फाकू नयेत म्हणून खाली साखळी. सासऱ्यांना कल्पना इतकी आवडली की दिवसभर तेच बोलत होते.

घोडी टेपने मोजायची नाही, हा त्यांचा नियम. कापताना फळीवर गुडघा रोवायचा असतो, म्हणून ज्याची घोडी त्याच्या गुडघ्याला काठी लावायची आणि खूण करायची. धाकटीच्या गुडघ्याला काठी लागली. ती काठी धरायला मीच.

पाय कापून झाले. जोडणीच्या वेळी मी एकेक पाय धाकटीच्या हातात देत होते. एका पायाच्या वरच्या टोकाला, जिथे बिजागरीचे स्क्रू बसायचे बरोबर तिथेच, माझ्या बोटाला बारीक गाठ लागली. गाठीत स्क्रू घेतला की वजन पडल्यावर लाकूड फुटतं. सासऱ्यांना ती दिसली नसती, धाकटीला कळली नसती. मला कळली, आणि मी मूग गिळून गप्प बसले. फुटू दे, म्हटलं. एकदा सगळ्यांसमोर पडू दे तोंडावर.

दुसऱ्या दिवशी रविवार, सगळे घरात. धाकटीने घोड्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. माझा नवरा म्हणाला, "वा! काय डोकं आहे!" बावीस वर्षांत या माणसाने मला एक 'वा' दिलेला आठवत नाही. धाकटीने फळी टाकली, गुडघा उचलला, तेवढ्यात सासरे पुढे आले. "थांब. पहिला गुडघा माझा."

त्यांनी पाय उचलला आणि मी ओरडले, "बाबा, नको! त्या पायात गाठ आहे!"

धाकटीने घोडी उलटी केली. स्क्रूपाशी केसाएवढी चीर गेलेली होती.

"कधी कळलं तुला?" सासऱ्यांनी विचारलं.

"काल."

"मग काल का नाही बोललीस?"

"जळत होते म्हणून." निघालं तोंडातून. नवरा छताकडे बघायला लागला. म्हटलं आता निघालंच आहे तर निघू दे. "ती आली आणि करवत घेऊन बसली. मी बावीस वर्षं उभी आहे. मला का नाही दिलीत?"

सासऱ्यांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हातातलं काम टाकून यायचीस. मला वाटायचं, तू उपकार करतेस माझ्यावर. त्यात करवत कुठे लादू तुझ्यावर?"

मी पदराने नाक पुसलं.

त्यांनी काठी उचलली आणि वाकून माझ्या गुडघ्याला लावली. धाकटीच्या खुणेच्या दोन बोटं खाली खूण झाली. "हा पाय नवा करायचाच आहे, तर हिच्या मापाने करा. बाकीचे पायही दोन-दोन बोटं कमी करा. उंच माणसाला वाकता येतं, बुटक्याला वाढता येत नाही. आणि कापेल ही."

उरलेली लांब फळी जुन्या घोड्यांवर टाकली. धाकटीने करवत माझ्या हातात दिली. "बरं झालं, ताई," ती म्हणाली, पण मूठ सोडायला तिला एक क्षण जास्त लागला. मी तिच्याकडे बघितलं. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता, पाच वर्षं आरशात बघत होते.

"दुसरं टोक धर," मी म्हणाले. "आणि शेवटी उचलून धर हं, नाहीतर कड फाटते."

तिने धरलं. कड फाटली. मुद्दाम की नवखेपणाने, ते मी विचारलं नाही.