डॉक्टर वाकाफ्लोर यांनी घेतलेलं तिसरं नाव

डॉक्टर आबेलार्दो वाकाफ्लोर एकतीस वर्षं आमच्या सान ब्लासच्या विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि त्यातली सव्वीस वर्षं मी त्यांची सेक्रेटरी. त्यांची दाढ दुखायला लागली की बायकोच्या आधी मला कळायचं. या माणसाची एकही गोष्ट आपल्यापासून लपलेली नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे.

ते टोप्या विणणाऱ्याचं पोर. जमीनमोजणी शिकवायला इथे आले तेव्हा विद्यापीठ म्हणजे दारूच्या जुन्या कोठारातल्या तीन खोल्या होत्या. पावसाळ्यात भिंतींना अजून द्राक्षांचा आंबूस वास यायचा. त्यांनी शेतकी शाखा काढली, नर्सिंगची शाळा काढली. डोंगरातल्या खेड्यांत खेचरावर बसून गेले आणि आईबापांना मुली शिकायला पाठवा म्हणून विनवलं. निवडणुकीत दर वेळी प्राध्यापक आणि विद्यार्थी त्यांनाच निवडून द्यायचे. विरोधात उभं राहणाऱ्याला लोक विचारायचे, "घरी भांडण झालंय का रे?"

त्यांच्या निवृत्तीला नर्सिंगच्या नव्या इमारतीला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. समारंभ मंगळवारी सकाळी होता. त्यांची सगळी भाषणं मी टाइप करायची. या वेळी विचारलं तर म्हणाले, "नको, फाबियाना. हे मला पाठ आहे."

सभागृह गच्च भरलं होतं. तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बेनिता गारेका बसली होती. ती ग्रंथालयात होती आणि बावीस वर्षं आम्ही दोघी दुपारी एकाच डब्यातलं शेंगदाण्याचं सूप प्यायलो होतो. तिचा थोरला भाऊ कासियानो इथेच शिकत होता. लष्कराच्या राजवटीत एका दुपारी त्याला जीपमधून उचलून नेलं, तो परत आला नाही. पुढे बेनिताला नोकरी दिली ती डॉक्टरांनीच. ती त्यांना देवमाणूस म्हणायची.

डॉक्टर उभे राहिले. आभार मानलेच नाहीत. म्हणाले की कुलगुरू होऊन तिसरं वर्ष चालू असताना एक कर्नल त्यांच्या खोलीत आला. सरकारविरोधी पत्रकं छापणाऱ्या तिघांची नावं दे, नाहीतर उद्या विद्यापीठाला कुलूप घालतो, असं त्यानं बजावलं.

"मी नावं दिली," डॉक्टर म्हणाले. "दोघं अकरा महिन्यांनी सुटून आले. तिसरा कासियानो गारेका. या इमारतीवर माझं नाव लावू नका."

माइक खरखरत होता. मागच्यांना नीट ऐकू आलं नसावं, कारण त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगा दगडासारख्या बसल्या होत्या. मी बेनिताचा हात धरायला गेले, तर तो खुर्चीच्या दांड्यावर असा आवळलेला होता की सोडवता येईना.

मग ती स्वतःच उठली आणि मंचाच्या पायऱ्यांपर्यंत गेली. आवाज न चढवता तिनं विचारलं, "डॉक्टर, माझा भाऊ पत्रकं छापत होता?"

"नाही."

"मग त्याचं नाव का?"

डॉक्टर म्हणाले, "मला दोनच नावं माहीत होती. कर्नलला तीन हवी होती. त्या सकाळी कासियानो परीक्षा पुढे ढकलायचा अर्ज घेऊन आला होता. त्याचं नाव जिभेवर होतं."

बेनिता मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी जागेवरूनच म्हटलं, "आबेलार्दो, अरे, कुलूप तर चार महिन्यांनी लागलंच होतं."

"हो," डॉक्टर म्हणाले, आणि खाली बसले.

आठवडाभर मी धड जेवले नाही. एवढी वर्षं मी या हातांनी त्यांना कॉफी दिली, वाढदिवसाच्या पत्रांवर त्यांच्या सह्या घेतल्या. शेवटी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात बसले होते, दाढी वाढलेली. मी सरळच विचारलं, बेनिताला नोकरी का दिलीत? त्यांनी सांगितलं की तिचं तोंड रोज बघावं लागावं, ही शिक्षा त्यांनी स्वतःला दिली होती.

"शिक्षा तुमची आणि भोगली तिनं," मी म्हणाले. "बावीस वर्षं ती तुम्हाला रोज वाकून नमस्कार करत होती. तेवढा तरी थांबवायचा होता."

त्यानंतर आम्ही कधी भेटलो नाही.

एवढं मात्र खरं, ते तिथेच थांबले नाहीत. सरकारी वकिलाकडे जाऊन त्यांनी रीतसर जबानी दिली. कर्नलचं नाव, तारीख, जीप, सगळं. ते वर्तमानपत्रात आलं तेव्हा त्या जीपचा ड्रायव्हर, आता ऐंशीला टेकलेला, नातीचा हात धरून वकिलाकडे आला. त्यानं नदीकाठची बंद पडलेली वीटभट्टी दाखवली. तिथे खणलेल्या पहिल्या चरात काही निघालं नाही. दुसऱ्यात हाडं निघाली, आणि पट्ट्याचं बक्कल. ते बेनितानं लगेच ओळखलं, तिच्या आईनं घेऊन दिलेलं होतं. कर्नल कधीच मरून गेला होता. डॉक्टरही त्याआधीच्या हिवाळ्यात गेले होते. हाडं सापडल्याचं त्यांना कळलं नाही.

त्यांच्या अंत्ययात्रेला डोंगरातून बायका आल्या, त्यांनी शिकवून नर्स केलेल्या. त्यांतल्या एकीनं मला विचारलं, "फाबियानाबाई, आम्ही रडायचं की नाही?" मी स्वतः दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी होते.

कासियानोला आम्ही मार्चमध्ये पुरलं. विद्यापीठ एक दिवस बंद ठेवलं होतं. बेनिता दुसऱ्या दिवशी कामावर आली. कुणीतरी तिला म्हणालं की आता या जागेत पाऊल तरी कसं टाकवतं तुम्हाला? तिनं परत आलेल्या पुस्तकांचा ढीग उचलला आणि म्हणाली, "माझा भाऊ इथे शिकायला आला होता. त्याची परीक्षा राहिलीय, मी कुठे जाऊ?"

नर्सिंगच्या इमारतीला अजून नाव नाही. मुली तिला नुसतं 'नवी इमारत' म्हणतात.