कुमुदवहिनींचं शाकाहारी मुंगूस

आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीत कुमुदवहिनींचं स्वयंपाकघर म्हणजे दुसरं देवघरच. अंडं घातलेला केकसुद्धा दारातूनच परत. नवरा चंद्रहास जवळच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात कॉन्ट्रॅक्टर. तो साइटवर चिकन हाणायचा आणि घरी येताना मूठभर बडीशेप चावायचा. वहिनींना सगळं कळायचं. पण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, म्हणून त्या विचारत नसत.

अशा या सोवळ्या घरात त्यांच्या लेकीने, पर्णिकेने, एक पिंजरा आणला. बिल्डिंगमधलं कोणीतरी देश सोडून गेलं होतं. जाताना सोफा नीट विकला आणि जनावर कचरापेटीशी ठेवलं. सोफ्याला किंमत होती ना.

"मम्मा, इट्स अ फेरेट. ही इज व्हेरी सिक."

"फेरेट कसलं? मुंगूस आहे ते," पिंजऱ्यातल्या लांबट, केसाळ जनावराकडे बघत वहिनी म्हणाल्या. गावी मुंगूस दिसलं की पोरं "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव" म्हणत मागे लागायची. त्याचं तोंड दिसणं शुभ. आता शुभ आपल्या पायांनी घरी आलंय म्हटल्यावर त्याला हाकलणार कोण? नाव ठेवलं बंड्या.

बंड्या म्हणजे नुसता हाडांचा सापळा. वहिनींनी आजाऱ्याचं पथ्य काढलं: मऊ भात, मेतकूट, वर साजूक तूप, दुपारी साखरपाणी. तेही चमच्याने, बाबापुता करत. बंड्या जरा तरतरीत व्हायचा आणि मग लुळा पडायचा. लुळा पडला की वहिनी आणखी भात भरवायच्या. मायेला काय तोटा!

एका सकाळी त्याचे मागचे पायच उचलेनात, तोंडातून लाळ गळू लागली. मायलेकींनी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे, नबिलाकडे नेलं. तिने रक्त तपासलं, सुई दिली आणि खायला काय देता ते विचारलं. वहिनींनी अभिमानाने सगळा मेनू सांगितला.

नबिलाने रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवला. "आंटी, ये सिर्फ गोश्त खाता है. अंदर गाठ है, वो इन्सुलिन बहुत बनाती है, इसलिए मीठा और चावल देने से इसकी शुगर और गिरती है. वो सब खलास. दवा के साथ चिकन दो, नहीं तो बचेगा नहीं."

गाडीत वहिनी बंड्याला मांडीवर घेऊन बसल्या. आपण लाडालाडाने याचा जीव घेत होतो, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. पर्णिका हळूच म्हणाली, "आय विल फीड हिम इन द बाल्कनी."

"या उन्हात? आजाऱ्याला?"

दुपारी चंद्रहास बडीशेप चावत घरात शिरला आणि दारातच थबकला. प्रसादाचा शिरा ज्या पातेल्यात व्हायचा, त्यात चिकन शिजत होतं. लग्नापासूनचा उपास फळाला आला असं वाटून त्याचे डोळे पाणावले.

"कुमुद, मला पण थोडं..."

"तुमचं बडीशेपेवर भागतंय की," वहिनी म्हणाल्या.

नाकाला ओढणी बांधून त्यांनी चिकन कुस्करलं, बोटावर घेतलं आणि बंड्याच्या पांघरुणाशी बसल्या. आतून काही हालचाल नाही.

"मुंगसा मुंगसा, तोंड दाखव." त्या वाकून पुटपुटल्या. "दाखव रे बाबा. चुकलं माझं."

बऱ्याच वेळाने पांघरुणातून एक ओलं नाक बाहेर आलं. हुंगलं, थांबलं, आणि खरखरीत जीभ बोटाला लागली. वहिनींनी नाकावरची ओढणी सोडून डोळ्यांना लावली आणि पातेल्यात पुन्हा बोट घातलं.